भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय, पुन्हा गर्द घेतली तर?

विक्रोळीची_ताई
धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात घरी येतोय. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पन्नीवर ओढायचा, जोडीला नायट्राच्या झोपेच्या गोळ्या. जुनी टोळी अजून रुळांपलीकडेच बसते. आई म्हणते, सुटलाय ना आता, विषय काढू नकोस. पण समजा घेतलीच, तर आम्ही करायचं काय?

रात्रपाळी
ताई, मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात घातक. शरीराची सवय मोडलेली असते, पण माणूस जुन्याच मापाने घेतो. आधी पचायची तेवढीच आता जीव घेते. वर दारू किंवा नायट्रा पडली की श्वास आणखी मंदावतो. पुडीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला सांगा, घेऊ नकोस. पण घेतलीसच तर एकटा, दार लावून नको. संडासाची आतली कडी काढून टाका. आई चिडेल, चिडू दे.

लोक ‘घोरतोय, झोपू दे’ म्हणून सोडतात आणि तिथेच घात होतो. हाका मारून, छातीचं हाड जोरात चोळूनही उठत नाही, श्वास रेंगाळतोय, घशात घरघर, ओठ निळसर, बाहुल्या बारीक झाल्यात? १०८ लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबत असेल तर तोंडाने द्या, दर पाच सेकंदांनी एक.

लालबागचा_बाबू
आमच्या चाळीत मिठाचं पाणी पाजून नळाखाली धरायचे.

रात्रपाळी
बाबूभाऊ, नका हो! बेशुद्ध माणसाला पाजलेलं फुप्फुसात जातं. उतारा नॅलोक्सोनच्या इंजेक्शनचा. तो गर्दवर चालतो, नायट्रावर नाही. शिवाय ३० ते ९० मिनिटांत त्याचा जोर ओसरतो, गर्द अंगात असतेच. शुद्धीवर आला की पेशंट भांडून घरी निघतो, नातेवाईकही ‘बरा झाला’ म्हणून नेतात. नेऊ नका. आणि काय काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, गोळ्यांसकट.

विक्रोळीची_ताई
पोलीस केस?

रात्रपाळी
फोनवर आधी ‘श्वास बंद पडतोय’ एवढंच सांगा, पत्ता सांगा. बाकी नंतर. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. सुई घेत होता का? तशांना सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेऐवजी औषध देतात तिथे, जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात.

विक्रोळीची_ताई
सुई नाही.

रात्रपाळी
तरी डॉक्टरांना त्या गोळीबद्दल विचाराच. जवळचं केंद्र १४४४६ वर कळेल, फोन फुकट आहे.