बॅटरी डिकीत हलवायची आहे: केबल, फ्यूज, अर्थिंग कसं करावं?

तिरपा पाना
मंडळी, गाडी १.५ लिटर पेट्रोल सेडान. बॉनेटखाली बॅटरी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जवळजवळ खेटून बसते, दुसरी बॅटरीही दोन वर्षांत गेली. शिवाय मोठा एअर फिल्टर बसवायचाय आणि त्याला जागा आहे ती नेमकी बॅटरीची. म्हणून ती डिकीत, स्टेपनीशेजारी न्यायचा विचार आहे. भार मागे गेला की वळणावर नाक जरा हलकं होईल, हाही लोभ आहेच.

जुन्या अँप्लिफायरची २५ स्क्वेअरची (म्हणजे २५ चौरस मिलिमीटर छेदाची) लाल केबल पडून आहे, सहा मीटर. ती चालेल का? फ्यूज लावायचा की नाही? अर्थ डिकीतच पत्र्याला द्यायचा की काळी केबल पुढपर्यंत ओढायची? आणि साधी, पाणी घालायची बॅटरी मागे ठेवली तर चालेल का?

पाने चालवता येतात, वायरिंगमध्ये हात कच्चा आहे.

हवेवर स्वार
बिनधास्त करून टाक. माझी तीन वर्षं डिकीत आहे. केबल गालिच्याखालून टाकली, फ्यूज-बिज काही नाही. सेल्फ एवढा करंट ओढतो की फ्यूज उडतच राहील. अर्ध्या दिवसाचं काम.

वायरमामा
स्वार, तुमची तीन वर्षं निभावली, छान झालं. पण हा सल्ला पुढे देऊ नका.

मूळ पॉझिटिव्ह केबल हातभर लांब असते. आता तीच पाच मीटर होऊन सीटखालून, दाराच्या उंबऱ्यालगत, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भेदून जाणार. वाटेत दोन्ही बाजूंना पत्रा, आणि पत्रा म्हणजे निगेटिव्ह. सीटच्या रुळाचा एखादा स्क्रू रबर कापून आत शिरला की धडधाकट बॅटरी हजार अँपिअरच्या वर करंट ओतते. केबल लाल होते आणि तिच्यावर तुमचा गालिचा पसरलेला असतो. गाडी बंद असली, किल्ली खिशात असली तरी हे होतं, कारण ही केबल किल्लीच्या अलीकडची आहे.

म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या टोकाला, टर्मिनलपासून वीतभर अंतरात. सेल्फजवळ लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटरला वाचवत नाही. ‘उडतच राहील’ हे पातळ, झटपट उडणाऱ्या फ्यूजबद्दल खरं आहे. मेगा जातीचा, बोल्टवर बसणारा फ्यूज घ्या. तो क्षणभर दुप्पट करंटही सोसतो. तुमच्या इंजिनाचा सेल्फ सुरुवातीच्या झटक्यात ४०० च्या आसपास जाईल, पण तो क्षणाचाच. फिरायला लागला की १५० ते २०० वर येतो. ५० स्क्वेअरच्या केबलला २५० अँपिअरचा मेगा ठीक. मात्र फ्यूज केबलच्या मापाने निवडायचा असतो, सेल्फच्या भुकेने नाही.

आता तुमच्या लाल केबलकडे. आधी टोक सोलून एका तारेवर ब्लेडने ओरखडा काढा. आतून चंदेरी दिसली तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

तिरपा पाना
मामा, चंदेरी निघाली. बाहेरून अस्सल तांबूस होती हो!

वायरमामा
मग तिला अँप्लिफायरकडेच राहू द्या. शुद्ध तांब्याचा हिशोब करून दाखवतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर तारेचा रोध ०.०१७२ ओहम. ५ मीटर लांब, २५ स्क्वेअर म्हणजे ०.००३४ ओहम. त्यातून २०० अँपिअर गेले की जवळपास ०.७ व्होल्ट वाटेतच खलास. ५० स्क्वेअर घेतली तर ०.३५ च्या आत. तुमच्या मुलामावाल्या २५ मध्ये व्होल्टभर जाईल. सेल्फ मारताना बॅटरी आधीच साडेदहाच्या आसपास उतरलेली असते, त्यात आणखी एक गेला तर थंड इंजिन कुंथणारच.

५० स्क्वेअर, बारीक तारांची, लवचिक. वेल्डिंगची केबल पुष्कळ जण वापरतात, पण तिच्या रबराला तेल-पेट्रोल सोसतं का हे विचारून घ्या; नाहीतर पूर्ण लांबी नालीदार नळीत घाला. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टमध्ये बसणारी धातूची टोपी, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. हातोड्याने ठोकलेलं थिंबल वरून घट्ट वाटतं, आत तारांमध्ये हवा असते, आणि वर्षभरात ते तापायला लागतं. क्रिंपर नसेल तर मोजून घेऊन कुणाकडून तरी दाबून आणा, इथे काटकसर नको.

डोंगरवाट
मामांनी पॉझिटिव्हची बाजू सांगितली, मी निगेटिव्हची सांगतो. त्यात माझे हात पोळलेत, खरेखुरे.

जुन्या हॅचबॅकची बॅटरी मागे नेली. केबल जाड, फ्यूज आहे, डिकीत पत्रा घासून चकचकीत करून अर्थ दिलेला. सेल्फ मारला, इंजिन आळशीपणाने फिरलं. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॉनेट उघडून ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि चटका बसला. तिचं आतलं अस्तर वितळून तार चिकटली होती. पाय काढला तरी ॲक्सिलरेटर परत येईना. हे धावत्या गाडीत झालं असतं तर?

कारण साधं होतं. मूळ निगेटिव्ह केबल बॅटरीतून थेट गिअरबॉक्सवर जायची. बॅटरीबरोबर मी तीही काढली. मग इंजिन आणि बॉडी यांच्यात उरली ती एक गंजकी, बोटभर रुंद जाळीची पट्टी. इंजिन रबरी माउंटवर बसतं, सेल्फचा सगळा करंट इंजिनाच्या अंगातून परत यायचा असतो, आणि पट्टीतून वाट मिळेना तेव्हा त्याने ॲक्सिलरेटरची केबल धरली.

तेव्हा तिरपा पाना, काळी केबल पुढपर्यंत ओढायची गरज नाही, बॉडीचा पत्रा परतीला पुरतो. पण डिकीतला अर्थ जेवढ्या जाडीचा, तेवढ्याच जाडीची केबल गिअरबॉक्स ते बॉडी अशी पुढे टाक. दोन्हीकडे रंग खरवडून उघडा पत्रा, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, आणि वरून ग्रीस किंवा रंग, म्हणजे गंज धरणार नाही. डिकीत अर्थासाठी पातळ पत्र्यापेक्षा सीटबेल्टजवळची जाड जागा शोध, मात्र बेल्टचाच बोल्ट सैल करू नकोस.

घाटातला वारा
वाचतोय. माझी हॅचबॅक आहे, डिकी वेगळी नाहीच. साधी बॅटरी चालेल? की लिथियम टाकू, वजनही वाचेल?

वायरमामा
साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. बॉनेटखाली वाऱ्याबरोबर उडून जातो, बंद डिकीत साचतो. शिवाय ॲसिडची वाफ आजूबाजूचा पत्रा खाते. मागे न्यायची तर एजीएम घ्या, म्हणजे काचतंतूंच्या चटईत ॲसिड शोषलेली बंद बॅटरी, आणि तिलाही वायूची नळी जोडून फरशीतून बाहेर काढा. एजीएम आतला वायू पुन्हा पाण्यात बदलते, पण अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर बिघडून ती ओव्हरचार्ज झाली तर तिचाही व्हॉल्व्ह उघडतोच. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा मियाटात बॅटरी कारखान्यातूनच डिकीत होती. बंद जातीची असूनही तिला बाहेर जाणारी नळी दिलेली होती.

हॅचबॅकमध्ये तुम्ही आणि बॅटरी एकाच खोलीत. तिथे बंद डबा आणि डब्याला बाहेर जाणारी नळी, यात तडजोड नाही.

लिथियमचं वजन खूप कमी, खरं आहे. पण गाडीसाठी मिळणारी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आणि गाडीची चार्जिंग पद्धत तिला मानवते का हे पाहावं लागतं. उलटा विचार करा: लहान, हलकी बॅटरी पुढेच बसत असेल तर हा अख्खा उद्योगच टळतो.

तिरपा पाना
माझं एअर फिल्टरचं दुखणं आहे, त्यामुळे मागे न्यावीच लागेल. स्टेपनीच्या खड्ड्यात प्लायवूड टाकून त्यावर पट्ट्याने बांधली तर?

डोंगरवाट
नको रे. १३ किलोची बॅटरी आहे. टक्कर झाली आणि क्षणभर वीसपट जोर आला तर ती २६० किलोची होते. प्लायवूडचे स्क्रू उपटून ती सीटच्या पाठीवर येईल. अमेरिकेत ड्रॅग रेसिंग चालवणाऱ्या एनएचआरए संघटनेच्या नियमात मागे नेलेल्या बॅटरीला धातूची पकड आणि किमान दोन ३/८ इंची बोल्ट सांगितलेत, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे. तू रेस करत नसलास तरी माप डोळ्यांसमोर ठेव. बोल्टखाली पत्र्याच्या पलीकडून रुंद प्लेट दे. बॅटरी बंपरच्या पत्र्याला चिकटवू नकोस, मागून कुणी ठोकलं तर पहिली तीच चेपेल. जेवढी मागच्या चाकांच्या जवळ, तेवढी बरी.

आणि ड्रिल लावण्याआधी गाडीखाली आडवा होऊन बघ. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर. माझा एक मित्र टाकीपासून दोन बोटांवर थांबला.

वायरमामा
वजनाचा लोभही मोजून घ्या. चाकांमधलं अंतर २.५ मीटर धरलं आणि १३ किलो २.८ मीटर मागे नेले, तर पुढच्या चाकांवरून साधारण साडेचौदा किलो उतरतात. पण ५० स्क्वेअरच्या पाच मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच सव्वादोन किलो आहे, वर रबर, डबा, प्लेटा. नाक हलकं होईल, पण जाणवेलच असं नाही. तुम्हाला फिल्टरची जागा हवी आहे, ते कारण पक्कं आहे.

केबल टाकताना: प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, वीत-दीड वीतीवर क्लिप, सायलेन्सर आणि पेट्रोलच्या पाइपपासून लांब. उंबऱ्यात पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तिच्याजवळ काम नको. निगेटिव्ह काढताना पहिली, लावताना शेवटची. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर तोही मागे न्यावा लागतो, नाहीतर चार्जिंगचं गणित चुकतं.

हवेवर स्वार
आणि मेन स्विच? मी काल लावून घेतला. मामांचं वाचून झोप लागली नाही. आता फ्यूजही आणतोय.

वायरमामा
शाब्बास. पण चालू इंजिनात तो बंद करून बघू नका. बॅटरीची जोडणी तुटली तरी अल्टरनेटर इंजिन चालवत राहतो, आणि सुटा झाल्यामुळे व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, उडू शकतो. इंजिनासह सगळं बंद करणारे रेसिंगचे स्विच वेगळे असतात, त्यांना जादा टोकं असतात. बीएमडब्ल्यूच्या ज्या गाड्यांत बॅटरी मागे असते त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत टर्मिनललाच छोटा स्फोटक भरलेला असतो. एअरबॅग उडाली की सेल्फची केबल आपोआप तुटते. आपल्याकडे ते नाही, म्हणून फ्यूज.

तिरपा पाना
तीन आठवड्यांनी धागा वर आणतोय. झालं काम. एजीएम, ५० स्क्वेअर तांबं, २५० चा मेगा, नळी फरशीतून बाहेर, गिअरबॉक्सला नवीन जाड अर्थ. सेल्फ मारताना मीटर लावला: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३८ व्होल्ट, निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत ०.१४.

वायरमामा
उत्तम आकडे. आता बॉनेटखाली टोपण असलेलं एक पॉझिटिव्ह टर्मिनल बसवून ठेवा. डिकीचं कुलूप बटणावर उघडतं ना? बॅटरी उतरली तर बॅटरीपर्यंत पोहोचणार कसे?

तिरपा पाना
मामा, हे वाचून आत्ता खाली जाऊन आलो. डिकीच्या कुलपात किल्ली अर्धीच गेली, आत वर्षांची धूळ. तेल सोडून पंधरा मिनिटं खेळवली तेव्हा फिरली. टर्मिनल रविवारी लावतो.