रुग्ण एका पालिकेत, संपर्क दुसऱ्या पालिकेत: फोन कुणी करायचा?

टिपणवही

पुढच्या साथीसाठी आमच्या आणि शेजारच्या दोन पालिकांनी मिळून संपर्क शोधाचा करार करायचं ठरतंय. कच्चा मसुदा माझ्याकडे आलाय. २०२० मध्ये मी या खात्यात नव्हतो.

अडलंय ते इथे. रुग्ण आमच्या हद्दीत राहतो, कामाला दुसऱ्या हद्दीत जातो आणि त्याच्या शेजारी बसणारा सहकारी तिसऱ्या हद्दीतला. मी लिहिलंय: "संपर्कातली व्यक्ती जिथे राहते, त्या पालिकेने तिला फोन करावा. रुग्णाच्या पालिकेने यादी ई-मेलने पाठवावी." साहेबांना पटलंय. मला मात्र यात काहीतरी सुटतंय असं वाटतं. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं.

आरोग्यसेविका

सुटतंय ते "यादी पाठवावी" या शब्दांतच. पाठवलेली यादी कुणी उघडली का, आणि उघडून त्या माणसाशी कुणी बोललं का, हे तुमच्या मसुद्यात कुठेच येत नाही.

मी कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटांत ट्रेसिंगच्या, म्हणजे संपर्क शोधाच्या टेबलावर होते. एका वाहनचालकाचे सात हाय-रिस्क संपर्क निघाले, त्यातले तीन शेजारच्या हद्दीतले. त्याच संध्याकाळी मी यादी मेल केली आणि वहीत तिघांपुढे बरोबरची खूण केली. ज्यांच्या मेलवर ती गेली ते स्वतःच विलगीकरणात होते आणि त्यांच्या जागी कोण बसलंय ते आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. चार दिवसांनी त्या तिघांतल्या एका बाईंचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला. त्यांना कुणाचाच फोन गेला नव्हता. मधले सगळे दिवस त्या अंथरुणावरच्या वडिलांना हाताने भरवत होत्या. ती खूण माझ्या हातची होती. आजही ते पान मला आठवतं.

कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूत लक्षणं साधारण पाच-सहा दिवसांनी दिसायची, आणि लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण करू शकायचा. म्हणजे संपर्क झाल्यापासून तीन-चार दिवसांत त्याच्याशी बोलणं झालं नाही, तर साखळी पुढच्या घरात गेलेली असते. रिपोर्ट यायलाच एक-दोन दिवस जातात. मग पालिकांच्या पत्रव्यवहाराला उरतात जेमतेम काही तास.

त्यानंतर मी अर्धी खूण करायला लागले. यादी दिली की अर्धी, तिकडून "बोलणं झालं" असा निरोप आला की पूर्ण. चोवीस तासांत निरोप नाही आला तर फोन मी करायचा, माणूस कुठल्याही हद्दीतला असो. तुमच्या करारात एवढं एक कलम आलं तरी खूप होईल.

आणखी एक. रुग्णाची मुलाखत एकानेच, एकदाच घ्यावी. आमच्याकडे एका गृहस्थांना दोन पालिकांतून फोन गेले. एकीने विलगीकरणाचे चौदा दिवस शेवटच्या भेटीपासून मोजले, दुसरीने फोन केला त्या दिवसापासून. दोन तारखा ऐकल्यावर त्यांनी दोन्ही सोडून दिल्या, आणि त्यात त्यांची चूक होती असं मला वाटत नाही. "शेवटच्या संपर्काची तारीख" हा रकाना रिकामा असेल तर यादी पुढे जाऊच देऊ नका.

कामाच्या जागेचं मात्र वेगळं ठेवा. इमारतीत कोण कुठे बसतं, जेवायला कुठे जमतात, हे त्या हद्दीतल्या माणसालाच नीट कळतं. तिथली चौकशी त्यांनी करावी आणि निघालेली नावं ज्याच्या त्याच्या हद्दीत द्यावीत.

रकाना

ताईंच्या अर्ध्या खुणेला माझी जोड. मी माहिती सांभाळायचं काम करतो. तिन्ही पालिकांचा तक्ता एकच ठेवा, आणि पाठवलेल्या ओळी व मिळालेल्या ओळी रोज मोजा. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले, कारण फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा रिपोर्ट कळला होता. पण त्यांची नावं ट्रेसिंगवाल्यांकडे पोचायला उशीर झाला. दोन टोकांचे आकडे रोज जुळवले तर अशी गळती दुसऱ्याच दिवशी दिसते.

दवाखाना

संपर्कातल्या माणसाला रुग्णाचं नाव सांगायचं नाही, हे करारात ठळक लिहा. दुसऱ्या पालिकेला नाव, फोन, पत्ता, शेवटच्या संपर्काची तारीख एवढंच द्या. रुग्णाचे इतर आजार त्यांना कशाला हवेत? मे २०२० मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉन भागातल्या क्लबांतून साथ पसरली तेव्हा बदनामीच्या भीतीने लोक पुढे येईनात. शेवटी शहराने नाव न विचारता फक्त फोन नंबरावर तपासणी सुरू केली. लोकांचा विश्वास गेला की नावंच मिळत नाहीत.

टिपणवही

ताई, मनापासून आभार. एक शंका. चोवीस तासांनी आपणच फोन केला तर शेजारची पालिका दुखावणार नाही का? "आमच्या हद्दीत हात घातला" असं व्हायला नको.

आरोग्यसेविका

दुखावते. आमच्याशीही दोन दिवस कुणी धड बोललं नव्हतं. म्हणून ते साथ नसताना, आत्ताच ठरवा. प्रत्येक पालिकेतला एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीतला दुसरा, दोघांचे नंबर कराराला जोडा. रोज सकाळी दहा मिनिटं तिघांनी फोनवर बसून अर्ध्या खुणा वाचायच्या. आम्ही हे दुसऱ्या लाटेत केलं. समोरच्या बाईंचा आवाज ओळखीचा झाल्यावर हद्दीचा विषय परत निघाला नाही.

नायजेरियाचंही साहेबांना सांगा. जुलै २०१४ मध्ये इबोलाचा रुग्ण लागोसला उतरला. त्याच्या संपर्कातला एक जण यंत्रणेच्या नजरेतून निसटून पोर्ट हार्कोर्टला गेला, त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर दगावले आणि तिथे शेकडो नवे संपर्क शोधावे लागले. एकूण ८९४ संपर्कांवर नजर ठेवली, घरोघरी सुमारे साडेअठरा हजार भेटी झाल्या आणि साथ २० रुग्णांवर थांबली. ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. एक माणूस दुसऱ्या शहरात गेला तर काय होतं आणि दोन्हीकडच्यांनी मिळून धरलं तर काय होतं, दोन्ही त्यात आहे.

वाट न बघता स्वतः फोन करण्याचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न विथ डार्वेनच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, ऑगस्ट २०२० मध्ये असंच केलं. राष्ट्रीय यंत्रणेला न सापडलेले लोक तिने स्वतःकडे घेतले, स्थानिक नंबरावरून फोन केला आणि तरी नाही मिळाले तर दारात माणूस पाठवला. तुमच्या मसुद्यात दाराशी जाण्याचा उल्लेख नाही. तो घाला. फोन बंद असलेली माणसं दर यादीत असतातच, आणि पत्ता हद्दीवरच्या गल्लीतला असला की आधी कोण जाईल यावरच दिवस जातो.

टिपणवही

कलम बदललं: "यादी दिल्यापासून २४ तासांत संपर्काशी बोलणं झाल्याचा निरोप न आल्यास यादी देणारी पालिका स्वतः फोन करेल, फोन न लागल्यास जवळचं आरोग्य केंद्र ज्या पालिकेचं, तिचा कर्मचारी त्याच दिवशी घरी जाईल." सोमवारी तिघांची बैठक आहे. नंबरांचा तक्ता मी आजच मागवतो.