शब्दचर्चा : ‘पिच’, ‘लेंडर’ आणि तयारी

प्रश्न : कंपनीच्या प्रमुखांना गुंतवणूकदारांपुढे आणि कर्ज देणाऱ्या संस्थांपुढे ‘पिच’ करण्यासाठी तयार करणे, या विषयावरचा मजकूर मी मराठीत लिहीत आहे. ‘पिच’साठी ‘सादरीकरण’ आणि ‘लेंडर’साठी ‘कर्जदार’ चालेल का?

उत्तर : ‘कर्जदार’ अजिबात चालणार नाही, त्याचा अर्थ कर्ज घेणारा. गल्लत कशी होते, हे मात्र समजण्यासारखे आहे. ‘दार’ हा फारसी प्रत्यय ‘धारण करणारा’ या अर्थाचा आहे. ज्याच्या नावावर गुंतवणूक तो गुंतवणूकदार आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज तो कर्जदार, त्यामुळे एकाच प्रत्ययाचे हे दोन शब्द व्यवहाराच्या विरुद्ध बाजूंना जाऊन बसतात. आपण ‘कर्जदाता’ किंवा ‘ऋणदाता’ लिहावे. ‘धनको’ अचूक आहे, पण तो कायद्याच्या मजकुरात अधिक शोभतो.

‘सादरीकरण’ चुकीचे नाही, तोकडे आहे. पडद्यावर तक्ते दाखवले तरी सादरीकरण होते, पण समोरच्याने पैसे द्यावेत हा हेतू त्यात येत नाही. ‘गळ घालणे’ या प्रयोगात हेतू आहे, पण अजीजीही आहे. मला ‘मांडणी’ योग्य वाटते, कारण बाजूही मांडतात आणि हिशेबही मांडतात.

मात्र दोघांपुढची मांडणी एकच नसते, आणि आपल्या मजकुरात हा भेद दिसावा असे मला मनापासून वाटते. कंपनीचे भाग (शेअर) विकत घेणाऱ्या गुंतवणूकदाराचे पैसे धंदा बुडाला तर जातात, पण धंदा वाढला तर त्या वाढीत त्याचा वाटा असतो. म्हणून धंदा किती मोठा होईल, हे त्याला ऐकायचे असते. कर्जदात्याला धंदा दहापट झाला तरी मुद्दल आणि ठरलेले व्याज एवढेच मिळते, म्हणून तो वाईट वर्षाबद्दल विचारतो. समजा, वर्षाचे हप्ते १०० आणि त्यांच्यासाठी हाती येणारी रोकड १२०, म्हणजे गुणोत्तर १.२. एक मोठा ग्राहक गेला आणि रोकड ९० वर आली, तर उरलेले १० कुठून आणणार? ‘बाजारपेठ प्रचंड आहे’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘वाढीची मांडणी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘परतफेडीची मांडणी’ असे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : आभारी आहे. आणि ‘तयार करणे’ यासाठी ‘प्रशिक्षण’ लिहू का?

उत्तर : ‘तालीम’ लिहावे. प्रशिक्षणात शिकवणारा बोलतो आणि शिकणारा ऐकतो; इथे प्रमुखाला बोलते करून, कोणीतरी कर्जदात्याच्या खुर्चीत बसून त्याची उलटतपासणी घेतो, आणि उत्तर अडखळले की तोच प्रश्न पुन्हा विचारतो. नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम, हे दोन्ही अर्थ मराठीत रुळलेले आहेत. या कामाला दुसरा अधिक लागू पडतो, कारण आखाड्यात समोर जोडीदार उभा असावाच लागतो.