जुनी ५० मिमी मॅन्युअल लेन्स: ठेवावी की परत करावी?

प्रश्न: एम४२ माउंटची (जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची, आट्यांनी बसणारी) ५० मिमी एफ/१.८ लेन्स ॲडॅप्टर लावून मिररलेसवर वापरतोय. दूरचं दृश्य अनंताच्या खुणेआधीच स्पष्ट होतं, खुणेवर पुन्हा धूसर. शिवाय एफ/१.८ ला डावी कड उजवीपेक्षा मऊ (कमी रेखीव) येते. परत करायची मुदत संपण्याआधी काय काय तपासू?

उत्तर १: अनंताची काळजी सोडा. एम४२ ची फ्लँज लांबी (माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर) ४५.४६ मिमी, बरेच ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ असतात, म्हणून फोकस अनंतापलीकडे जातो. खुणेवर टेकूनही लांबचं स्पष्ट झालं नसतं, तर ते त्रासाचं.

डाव्या कडेसाठी भिंतीचे फोटो काढत बसू नका. कॅमेरा अर्धा अंश तिरका झाला तरी एक बाजू मऊ येते आणि दोष लेन्सच्या माथी. लांबचा एखादा मनोरा घ्या, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद. मनोरा आधी डाव्या कडेला आणा, व्ह्यू मोठा करून तिथेच फोकस करा, फोटो घ्या. मग तसंच उजवीकडे. नव्याने फोकस केल्यावर डावीकडे स्पष्ट आलं, तर लेन्स किंवा ॲडॅप्टर तिरका बसतोय. तरीही धूसरच राहिलं, तर आतली काच सरकलेली. ती परतच करा. दोन्ही कडा सारख्याच मऊ असतील तर एफ/१.८ ला ते चालायचंच, एफ/५.६ ला बघा.

उत्तर २: काच नुसती समोरून बघून कळत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च तिरका मारा. धूळ, एखादा बुडबुडा बिनमहत्त्वाचा. कोळिष्टकासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे दुधट पडदा दिसला तर उजेडाकडे तोंड केल्यावर कॉन्ट्रास्ट गेलाच म्हणून समजा.

ऑटो-ॲपर्चरची (कॅमेऱ्याने पिन दाबल्यावरच ॲपर्चरची पाती मिटणारी) असेल तर रिंग मोठ्या एफ-आकड्यावर ठेवून मागची पिन बोटाने दाबा. पाती झटकन मिटायला हवीत; रेंगाळली तर पात्यांवर तेल उतरलंय. लेन्सवर ऑटो/मॅन्युअल खटका नसेल, तर पिन दाबणारी आतली कड असलेला ॲडॅप्टरच लागतो, नाहीतर रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात.

प्रश्नकर्ता: पाती झटपट मिटतात, बुरशी नाही. नव्याने फोकस केल्यावर डावी कड स्पष्ट येते. त्याच ॲडॅप्टरवर दुसरी एम४२ लेन्स लावली, तिचीही डावी बाजू मऊ.

उत्तर १: मग दोष बहुधा ॲडॅप्टरचा. दोन तुकड्यांचा असेल तर बारीक स्क्रू घट्ट करून पुन्हा तीच चाचणी घ्या. फरक नाही पडला तर ॲडॅप्टर बदला, लेन्स ठेवा.