शाळेच्या दारात दंड झाला आणि दाद मागितली : तुमचे अनुभव लिहा

गेल्या जूनमधली गोष्ट. मुलीला वर्गापर्यंत सोडायचं होतं, म्हणून स्कूटर शाळेच्या फाटकाच्या बऱ्याच पुढे भिंतीला लावली. संध्याकाळी मोबाइलवर ई-चलन : नो पार्किंग, ५०० रुपये. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावर चलनाचा फोटो उघडला, तर माझी नंबरप्लेट दिसते, पण 'नो पार्किंग'ची पाटी कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन फाटक, भिंत आणि दोन्ही बाजूंचा रस्ता एका फोटोत येईल अशी जागा शोधली. त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. राग राग न करता पाच ओळी लिहिल्या. तीन आठवड्यांनी चलन रद्द झालं. तुमचा अर्ज फेटाळला असेल तरी लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

ताई, माझा फेटाळला. पाटी नसली म्हणजे सुटलो असं नसतं. शाळेच्या आणि दवाखान्याच्या प्रवेशद्वाराशी गाडी उभी करायला १९८९च्या रस्ता नियमांपासूनच मनाई आहे. तुमची स्कूटर पुढे होती, माझी कार ऐन फाटकासमोर. मी 'दोनच मिनिटं थांबलो' असं लिहिलं, म्हणजे थांबल्याचं स्वतःच कबूल केलं! पैसे भरले. दुसऱ्यांदा झालं तर १५०० आहेत.

चलनातली गाडी तर माझी नव्हतीच. ज्या शाळेसमोरचं चलन आलं तिथं मी कधी गेलेलो नाही. फोटोत लाल मोपेड, माझी काळी मोटरसायकल. नंबरातल्या ३ आणि ८ मध्ये गल्लत झाली होती. ऑनलाइन तक्रारीला उत्तर येईना, तेव्हा आरसीची प्रत आणि मोटरसायकलचा फोटो घेऊन वाहतूक शाखेत गेलो. साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि तिथल्या तिथे नोंद दुरुस्त केली. म्हणून सांगतो, चलन आलं की आधी फोटो बघा, मग काय ते लिहा.

मी इंग्लंडमध्ये असते. इथं शाळेबाहेर पिवळ्या नागमोडी रेघा असतात आणि फलकावर वेळा लिहिलेल्या असतात. त्या वेळात रेघांवर क्षणभर थांबलं तरी दंड होतो, मूल उतरवायलाही सवलत नाही. कॅमेऱ्याने टिपलं, घरी पत्र आलं : ७० पौंड, २१ दिवसांत भरले तर ३५. वेळांचा फलक झाडाच्या फांदीआड पूर्ण झाकलेला होता. फोटोसह २८ दिवसांच्या आत काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला लिहिलं, त्यांनी नाही म्हटलं. मग ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा दंडांवरची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले. अपिलाला फी नाही, पण हरले असते तर पूर्ण ७० भरावे लागले असते. रात्रभर झोप नव्हती, ३५ भरून मोकळं व्हावं असंच वाटत होतं. सुनावणी फोनवर झाली. फांदीच्या फोटोवर तारीख होती, त्यावर निकाल माझ्या बाजूने लागला.

मी शाळेची व्हॅन चालवतो. मलाही दंड झालाय, भरलाय. दाद जरूर मागा, पण ताई-दादांनो, फाटकासमोरची जागा तेवढी मोकळी ठेवा. तुमच्या गाड्या तिथं असल्या की मला पोरं रस्त्याच्या मधोमध उतरवावी लागतात. काल पहिलीतला एक जण दोन बंपरच्या फटीतून पळाला, दप्तर अडकलं म्हणून थांबला.