तुमच्याकडे टॉवेल बाद कधी होतो?

काल पाहुण्यांसाठी कपाटातला 'चांगला' टॉवेल काढला. २००९ साली आहेरात आलेला, अजून घडी मोडलेली नाही म्हटलं तरी चालेल. आम्ही मात्र रोज अंग पुसतो ते टॉवेल बघवत नाहीत. आईचं एकच पालुपद, "अजून चांगला आहे की!" तुमच्याकडे कसं ठरतं? आणि ठरवतं कोण? लिहा.

खारेवारे : आम्ही रत्नागिरीचे, आमच्याकडे पाऊसच ठरवतो. जुलैत टॉवेल दोन-दोन दिवस दमट. वाळल्यावर वास गेलासा वाटतो, पण अंग पुसलं की ओल लागून कुबटपणा परत वर येतो. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, रात्रभर भिजवून. दोनदा करूनही वास राहिला, किंवा तितीचे, म्हणजे बुरशीचे, काळे ठिपके दिसले, की अंगासाठी बंद. (व्हिनेगरही चालतं, पण ब्लीचबरोबर कधीही नाही. विषारी वायू होतो.) आणि जाड टॉवेलचा सोस पावसाळ्यात नको, पातळच बरे.

मागावरचा : सोलापूर. वडिलांचा टॉवेलचा कारखाना होता, त्यामुळे जरा लांबेल. टेरी टॉवेलला, म्हणजे आपल्या नेहमीच्या कड्यांच्या टॉवेलला, उभा ताणा (उभे धागे) दोन प्रकारचा असतो. एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याच्या कड्या वर येतात आणि पाणी त्या पितात. कड्या झिजल्या की टॉवेल संपला, मग काठ कितीही शाबूत असू दे. उजेडासमोर धरा, आरपार वीण दिसली तर काढा. उलट नुसता काठ उसवला म्हणून टाकू नका, टीप मारा. दोरा निघाला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. आणि ते कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव टॉवेलला घालू नका हो! कड्यांवर थर बसतो, पाणी शोषलं जात नाही, आणि लोक म्हणतात टॉवेल जुना झाला.

निवडुंग : आम्ही पंचावाले. पंचा विरायला लागतो तेव्हाच कुठे अंगाला टोचेनासा होतो. तेव्हा टाकायचा?

उंबरठा : सासूबाईंकडे बढतीची उलटी शिडी आहे. अंग, मग केस, मग पायपुसणं, मग ओटा, लादी, शेवटी मोटारसायकल. एकदा ह्यांनी लादीवरचा उचलून तोंड पुसलं. तेव्हापासून मी पदावनती झाली की कोपरा कापते.

दूरदेशी : न्यू जर्सी. ड्रायरच्या जाळीत दर वेळी साचणारा कापूस म्हणजे आपलाच टॉवेल, हे उशिरा कळलं. जुने टॉवेल इथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात देतो, आधी फोन करून.

धागाकर्ती : मागावरच्या दादांचं वाचून आहेराच्या टॉवेलवर चार थेंब टाकले. अळवावरचं पाणी! कारखान्यातला थर तसाच, कधी नीट धुतलाच नव्हता. म्हणजे इतकी वर्षं पाहुणे न्हाणीघरातून ओलेच बाहेर येत होते, आणि कुणी बोललं नाही.