अनुभव सांगा: चेंडू लावला आणि कुणीच उडी मारली नाही

नेटजवळचा
काल भाचा जेवता जेवता मोबाईलवर 'हायक्यू' बघत होता. व्हॉलीबॉलवरचं जपानी ॲनिमे. 'मामा, हे बघा' म्हणून त्यानं एक प्रसंग दाखवला आणि माझा घास हातातच राहिला.

कागेयामा नावाचा लिफ्टर आहे (ते सेटर म्हणतात), म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू उंच लावून देणारा. हात सोन्याचा, तोंड मात्र विचारू नका. अजून वर उडी मार, अजून जोरात पळ, सगळ्यांना झापत सुटतो. पोरं त्याला 'कोर्टचा राजा' म्हणतात, आणि ते कौतुकानं नव्हे. एका मॅचला तो चेंडू लावतो, वळून बघतो तर तिथं कुणीच नाही. चेंडू खाली. कोच त्याला बाहेर बसवतो.

मंडळी, हे माझ्यासोबत घडलंय. १९९६, आमच्या चर्चच्या तरुण संघाची टीम, मिरजेत सामने. मी लिफ्टर. आमच्या शूटरला, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला, अख्खा मे महिना शिव्या सोडून सगळं बोललो होतो. शिव्या नव्हत्या कारण सरावाला पाळक साहेब लाइनवर उभे असायचे. तिसरा सेट, १३-१३. चार नंबरवर, नेटच्या डाव्या टोकाला, असा चेंडू लावला की बास. गडी जागचा हलला नाही. कमरेवर हात ठेवून उभा. लाल मातीत चेंडू पडला आणि फुफाटा उडाला, तेवढंच आठवतंय. हरलो. येताना एसटीत कुणी बोललं नाही.

पुढच्या रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडं. बायबलातलं १ करिंथ १२. पाळक साहेबांनी मुद्दाम दिलं की काय, देव जाणे. डोळा हाताला 'मला तुझी गरज नाही' असं म्हणू शकत नाही, त्या वचनाला आवाजच फुटेना. आमचा शूटर मागच्या बाकावर होता. नंतर नोकरीला पुण्याला गेला, माफी मागायची राहिली ती राहिलीच.

लिहा तुमचंही. ॲनिमे बघितलं नसलं तरी चालेल.

पांढरा_रस्सा
ॲनिमे म्हणजे डोरेमॉनच की. आमच्या घरात नोबिता आहे, माझं लग्न झालंय त्याच्याशी 😂

शाहूपुरीकर
२०१९ चा पूर. धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. हायवे बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. चर्चच्या हॉलमध्ये रोजचा स्वयंपाक. मी सीए. पहिल्या दिवशी कांदा चिरायला बसलो, अर्ध्या तासात एका मावशींनी हातातनं सुरी काढून घेतली. 'उठा तुम्ही, बोट जाईल.' मग वही दिली. कुठल्या गल्लीत माणसं किती, पाकिटं किती, तान्ही पोरं किती. आठ दिवस तेच केलं.
पोरगी म्हणाली, पप्पा तुम्ही लुफी. 'वन पीस'मधला कॅप्टन. शत्रूच्या तोंडावर सांगतो, मला तलवार चालवता येत नाही, जहाज हाकता येत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटंही बोलता येत नाही, माझी माणसं नसतील तर माझं काही खरं नाही. वर समुद्री चाचा असून गड्याला पोहता येत नाही! मला येतं, रंकाळ्यात शिकलोय. पण त्या पाण्यात कोण उतरतंय.

पांढरा_रस्सा
सीएला खोटं बोलता येत नाही? बरं बरं.

एक_आई
माफ करा, पण ॲनिमेत राक्षस, आत्मे असलं फार असतं. विश्वासी घरात मुलांना दाखवावं का? आमच्याकडं बंद केलंय.

नेटजवळचा
असतं ताई, काहींत असतं. म्हणून मी शेजारी बसून बघतो. हायक्यूत राक्षस नाही, आमच्या टीमला होता तो मीच.

पेटीवाले_काका
मला हे नातवानं दाखवलं. त्यात सुगावारा म्हणून मुलगा आहे. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि त्याची जागा पहिल्या वर्षाचा कागेयामा घेतो. हा बाकावर. पण कोण दमलंय, कोण चिडलंय, ते याला बरोबर कळतं.
मी उपासनेत सतरा वर्षं पेटी वाजवली. मग कीबोर्डवाला आला. बोटं चांगली त्याची, खोटं का बोला. पहिले दोन रविवार मी तापाचं निमित्त करून घरी. तिसऱ्या रविवारी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन होतं, आणि या बहाद्दरानं त्याला कॅरोलचा ठेका लावला. निम्मी मंडळी पुढं, निम्मी मागं, म्हातारी माणसं तोंड मिटून. शेवटी उठलो, त्याच्या शेजारी स्टुलावर बसलो आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. त्यानं बघितलं, ठेका बंद केला. दुसऱ्या कडव्याला जमलं. आता गाडीवरनं न्यायला येतो मला.
पेटीचा भाता मात्र उंदरानं कुरतडलाय. दुरुस्त करणारं कोण माहीत आहे का?

मिरजेची_मावशी
सतारमेकर गल्लीत विचारते काका, पण ते तंबोरे-सतारीवाले.
कार्टून मला कळत नाही. बायबलातल्या नहेम्याचा तिसरा अध्याय वाचा. त्यावर उपदेश क्वचितच होतो, कारण नुसती नावं. यरुशलेमेच्या कोटाला सोनार आलाय, अत्तरवाला आलाय, एक जण लेकींना घेऊन आलाय. कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधला. ५२ दिवसांत कोट पुरा. आणि पाचव्या वचनात लिहिलंय, तकोवाच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही. एवढी शतकं लोटली, पण नोंद काही पुसली नाही! आमच्याकडं नाताळच्या खुर्च्या मांडायची वेळ झाली की दोघं फोन कानाला लावून गेटाकडं जातात. त्यांना आम्ही तकोवकर म्हणतो.

पेठेतला_गोली
व्हॉलीबॉल कसला भावा! शाहू स्टेडियमला पाटाकडील-प्रॅक्टिस फुटबॉल मॅच बघायला या. पास अडवून धरला तर कोचच्या आधी गॅलरी झापते.

मुक्काम_पुणे
चार नंबरचा चेंडू होता ना?
गुडघा दुखतोय असं मी पाळक साहेबांना सांगितलं होतं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. चेंडू झकास लावला होतास, नुसता हात लावला असता तरी पॉइंट होता. बाकी चौघांना काय माहीत, त्यांचीही मॅच घालवली मी. तू वाचताना अडलास तेव्हा मला वाटलं, ते वचन माझ्यासाठीच निवडलंय.

नेटजवळचा
अरे तू??
नंबर तोच आहे का?

मुक्काम_पुणे
तोच. रविवारी आईकडं येतोय.

पांढरा_रस्सा
मिसळ कुणाच्या खर्चानं ते आधी ठरवा.

शाहूपुरीकर
वही आणतो.

पेटीवाले_काका
भात्याचं राहिलं बघा.